शाळेत संक्रांत कशी शिकवायची: नव्या शिक्षकांसाठी पायरी पायरीने

नुकतेच शाळेवर रुजू झालेल्या शिक्षकांचा डिसेंबर संपता संपता एक प्रश्न हमखास येतो, "सर, संक्रांतीला वर्गात काय घ्यायचं?" बहुतेक ठिकाणी काय होतं तर फळ्यावर रंगीत खडूने पतंग काढायचा, तिळगूळ वाटायचा, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि अकरा वाजता गणिताचा तास सुरू. मुलांना तिळगूळ मिळाला यात आनंदच आहे, पण या सणात विज्ञान, शेती, गणित, भूगोल, इतिहास सगळं इतकं खच्चून भरलंय की तो अर्ध्या तासात संपवणं मला तरी पटत नाही. मी जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत पहिली ते पाचवी एकत्र शिकवतो, ऊसपट्ट्यातलं गाव आहे, प्रयोगशाळा वगैरे काही नाही, आणि तरीही पुढचं सगळं नीट होतं. सगळंच करायची गरज नाही, तुमच्या गावाला जे जमेल तेवढं उचला.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ठरवून टाका. घरी सण साजरा होतोच, शाळेत तो पुन्हा साजरा करायचा नाहीये, शाळेत तो बघायचा, मोजायचा आणि त्याबद्दल प्रश्न विचारायचे. हे डोक्यात पक्कं असलं की पूजेचं काय, कुठल्या धर्माची मुलं वर्गात आहेत, कोण काय खातं, हे पेच आपोआप सुटतात, कारण सावली सगळ्यांची पडते आणि ऊस सगळ्यांच्याच रानात आहे.

१. तारखा आणि परवानग्या आधी बघून घ्या

तयारी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू करा, जानेवारीत नाही. जानेवारीचा पहिला पंधरवडा गच्च असतो, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, १२ ला जिजाऊ आणि विवेकानंद जयंती, मधेच क्रीडा स्पर्धा, आणि लगेच २६ जानेवारीच्या कवायतीची तयारी. शिवाय संक्रांतीला तुमच्या जिल्ह्याच्या यादीत सुट्टी आहे का ते बघा. सुट्टी असेल तर मुख्य दिवस भोगीचा धरा, म्हणजे आदला दिवस. तो जास्त चांगला पण पडतो कारण भाज्या त्याच दिवशी घराघरात आलेल्या असतात.

मुलांना शाळेच्या बाहेर न्यायचं असेल (गुऱ्हाळ, शेत) तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, शाळा व्यवस्थापन समितीला कल्पना आणि प्रत्येक पालकाचं संमतीपत्र घ्या. गावातल्या गावात जायचंय म्हणून तोंडी भागतं असं कुणी सांगेल, ऐकू नका.

२. २१-२२ डिसेंबरला काठी रोवा

सगळ्यात महत्त्वाचा उपक्रम हाच आहे आणि याला खर्च शून्य. सव्वा मीटर लांबीची सरळ काठी घ्या, म्हणजे पाव मीटर जमिनीत जाऊन वर बरोबर १०० सेंटिमीटर राहील अशी, पटांगणात सपाट जागी उभी रोवा. काठी सरळ उभी आहे का हे दोऱ्याला दगड बांधून ओळंबा करून मुलांनाच बघू द्या, गावात गवंड्याचं पोर एखादं असतंच, ते लगेच पुढे येतं.

आता दुपारी सावली सगळ्यात आखूड कधी होते ते शोधायचं. इथे पहिला खड्डा आहे. आपण सगळे समजतो की बारा वाजता सूर्य मध्यावर येतो, तसं होत नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाप्रमाणे चालतं, ती रेषा जाते प्रयागराजजवळून, आणि आपण तिच्या बरंच पश्चिमेला. त्यामुळे पुण्या-साताऱ्याकडे डिसेंबरच्या शेवटी सावली सगळ्यात आखूड होते ती साडेबाराच्या जरा पुढे, आणि १४ जानेवारीला जवळपास पावणेएकला. नागपूरकडे हेच वीस-एक मिनिटं आधी होतं. म्हणून बारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खुंटी किंवा खडा ठेवायला सांगा, सगळ्यात जवळचा खडा तो आपला. तिसरी-चौथीची पोरं हे काम फार मन लावून करतात आणि मधल्या सुट्टीच्या वेळेत बसवलं तर तास पण बुडत नाही.

पुण्याच्या आसपास एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली २२ डिसेंबरला साधारण ९० सेंमी पडते, १४ जानेवारीला ८३-८४ सेंमी, आणि १४ फेब्रुवारीला ६१ च्या आसपास. कोल्हापूरकडे या आकड्यांपेक्षा थोडी आखूड, जळगावकडे थोडी लांब. हे आकडे तुमच्यासाठी आहेत, मुलांना आधी सांगू नका. आठवड्यातून एक दिवस ठरवा, म्हणजे दर सोमवारी, आणि मोजलेला आकडा भिंतीवर लावलेल्या कागदावर त्या दिवशीच्या मुलाने लिहायचा. आलेख पाचवीवाल्यांनी काढायचा.

आता दुसरा खड्डा, आणि हा पाठ्येतर पुस्तकांत, भाषणांत, शुभेच्छांच्या मेसेजमध्ये सगळीकडे आहे. "आजपासून उत्तरायण सुरू, आजपासून दिवस मोठा होतो." सूर्य उत्तरेकडे सरकायला लागतो २१-२२ डिसेंबरलाच, संक्रांतीच्या तीन आठवडे आधी. तुमच्या भिंतीवरचा कागदच ते दाखवेल, सावली जानेवारी उजाडायच्या आधीपासूनच कमी व्हायला लागलेली असते. मुलांना तुम्ही सांगायची गरजच पडत नाही, तीच विचारतात, "गुरुजी, मग संक्रांत उशिरा का?" हा प्रश्न आला की पुढची पायरी सुरू करा, त्याच्या आधी नाही.

आणि एक हुशार पोरगं कॅलेंडर घेऊन येईल, त्याची पण तयारी ठेवा. कॅलेंडरवर सूर्योदयाची वेळ छापलेली असते आणि आपल्याकडे डिसेंबरपेक्षा जानेवारीच्या मध्यात सूर्य उलट पाच-सात मिनिटं उशिराच उगवतो! मग दिवस मोठा कसा? तर मावळतीची वेळ बघायला सांगा, ती त्याहून जास्त पुढे गेलेली असते, साधारण पंधरा मिनिटं. वजाबाकी मुलांना करू द्या, उगवती आणि मावळती दोन्हींची, दोन तारखांची. वेळेची वजाबाकी शिकवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला पुस्तकात सापडलेलं नाही.

३. तारखेचं कोडं (चौथी-पाचवी आणि पुढे)

सोप्या शब्दांत असं सांगा. आपलं रोजचं कॅलेंडर ऋतूंप्रमाणे वर्ष मोजतं. पंचांगात संक्रांत धरतात ती सूर्य ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मकर राशीत गेला की. ताऱ्यांप्रमाणे मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा साधारण २० मिनिटांनी मोठं असतं. एवढंच फळ्यावर लिहा आणि विचारा, दर वर्षी २० मिनिटं, तर एक अख्खा दिवस व्हायला किती वर्षं? २४ गुणिले ६० म्हणजे १४४० मिनिटं, भागिले २०, उत्तर ७२. म्हणजे साधारण बहात्तर वर्षांनी संक्रांत एक दिवस पुढे जाते. मधेमधे १४ ची १५ होते आणि परत १४ येते ते लीप वर्षाच्या सहा-सहा तासांमुळे (२०२४ ला १५ जानेवारी होती, २०२५ आणि २०२६ ला १४), तो वेगळा भाग आहे, लहान वर्गांना त्यात ओढू नका.

मग हिशोब उलटा चालवा. उत्तरायण आणि संक्रांत यांच्यात आज २३-२४ दिवसांचं अंतर आहे, गुणिले ७२, म्हणजे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत असणार. तेव्हाच्या लोकांनी संक्रांतीला उत्तरायण म्हटलं ते त्यांच्या काळाला बरोबरच होतं. हे मुलांना जरूर सांगा, नाहीतर "जुने लोक चुकले" असं डोक्यात बसतं.

पडताळा घ्यायला दोन तारखा वापरा. स्वामी विवेकानंद जन्मले १२ जानेवारी १८६३ ला, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. हिशोबात बरोबर बसतं की नाही बघा! १२ जानेवारीला युवा दिनाचं भाषण करायचंच असतं, त्यातच हे जोडून घ्या. दुसरी तारीख पानिपतची, १४ जानेवारी १७६१. "मराठ्यांवर ऐन संक्रांतीला संक्रांत आली" असं गावात हमखास ऐकायला मिळतं, पण त्या काळी संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येत होती, म्हणजे लढाई झाली तेव्हा सण होऊन गेलेला होता. पाचवीच्या मुलांना हे स्वतःच्या गणिताने सापडलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात, घरी जाऊन आजोबांशी वाद घालतात, घालू दे. फक्त वडीलधाऱ्यांना "तुमचं चूक" असं न म्हणता "आजोबा, मी तुम्हाला हिशोब दाखवतो" असं म्हणायला शिकवा.

तुमचे कुणी नातेवाईक परदेशात असतील आणि तिकडे शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत मुलं जात असतील तर त्यांच्याकडून पण त्याच दिवशीची सावली मागवा. न्यूजर्सीत १४ जानेवारीला एक मीटर काठीची सावली मध्यान्हीला १८५ सेंमीच्या वर जाते, आपल्या दुपटीहून जास्त. सिडनीला तर तेव्हा भर उन्हाळा. "पृथ्वी गोल आहे" हे वाक्य पाठ करण्यापेक्षा या दोन आकड्यांवर मुलं जास्त वेळ बोलतात.

४. भोगीची टोपली

आदल्या दिवशी सांगा, घरात किंवा रानात जे असेल त्यातलं एक काहीतरी मूठभर आणा. विकत आणू नका असं स्पष्ट सांगा, आणि ज्याला जमणार नाही त्याने नाही आणलं तरी चालेल हे पण स्पष्ट सांगा, म्हणजे कुणी मान खाली घालून बसणार नाही. टोपलीत येतं ते असं: हरभऱ्याचे घाटे, पावटे, वालपापडी, गाजर, वांगी, बोरं, उसाचे करवे, भुईमूग, कांद्याची पात, गव्हाच्या ओंब्या, ज्वारीचं हुरड्यातलं कणीस, बाजरी, तीळ.

पहिली-दुसरीने रंगाने, आकाराने वर्गीकरण करायचं आणि मोजायचं. तिसरी-चौथीने झाडाचा कुठला भाग ते ओळखायचं. गाजर मूळ, ऊस खोड, पात हे पान, वांगं फळ, घाट्यातला हरभरा बी. शेंगदाण्यावर भांडण होणार, जमिनीखाली येतो म्हणून अर्धा वर्ग मूळ म्हणतो, ते भांडण लगेच मिटवू नका, शेंग फोडून मोड येतो का ते ओल्या फडक्यात ठेवून बघू द्या.

मोठ्यांसाठी खरा प्रश्न: यातलं आत्ता रानात काय उभं आहे आणि काय आधीच घरात आलंय? संक्रांत म्हणजे तीळ, बाजरी असं आपल्या मनात इतकं घट्ट बसलंय की आपण नव्या पिकाचा सण म्हणून मुलांना तिळाचं शेत दाखवायला निघतो. तीळ आणि बाजरी खरिपाची, दिवाळीच्या आगेमागे घरात येऊन पडलेली. रानात आत्ता आहे हरभरा, गहू, रब्बीची ज्वारी. म्हणजे भोगीच्या ताटात दोन्ही हंगाम एकत्र आलेले असतात, खरिपाचं साठवलेलं आणि रब्बीचं कोवळं. सुगडात काय काय भरतात ते आठवायला सांगा, तिथेही तेच दिसेल. शेवटी सगळं पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडे द्या आणि त्या दिवशीच्या आमटीत किंवा खिचडीत पडू द्या, त्यांना मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवा, ऐनवेळी टोपली समोर ठेवली तर त्यांची तारांबळ होते.

५. गूळ कुठून येतो: गुऱ्हाळाला भेट

हे ज्यांच्या भागात आहे त्यांनी अजिबात सोडू नका. संक्रांतीच्या आसपास गुऱ्हाळं जोरात चालू असतात. मालकाला आधी भेटून वेळ ठरवा, सकाळी लवकरची, पहिली काहील (रस आटवायची मोठी कढई) उतरायच्या सुमाराची.

बघायचं काय ते मुलांना आधीच वाटून द्या, नाहीतर सगळी रस प्यायलाच धावतात. एक गट घाण्यावर, ऊस किती गेला आणि रस कुठे जातो ते बघणार. एक गट चुलवाणावर, जळण कशाचं आहे? उसाच्या वाळलेल्या चिपाडांचंच, म्हणजे उसाचा रस उसाच्याच चिपाडावर आटतो, हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं. एक गट मळी काढणाऱ्याजवळ, तो रसात काय घालतो ते विचारणार, कोल्हापूरकडे रानभेंडीचा चिकट रस घालतात त्याने घाण वर येते. आणि सगळ्यात हुशार प्रश्न विचारणारी दोन-तीन पोरं गुळव्याजवळ उभी करा. गुळव्या हा त्या सगळ्या ठिकाणचा खरा शास्त्रज्ञ. त्याच्याकडे थर्मामीटर नसतो, तो उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत धरून गोळी वळते का बघतो, बुडबुड्यांचा रंग आणि आवाज बघतो आणि एका क्षणाला हात वर करतो, की लगेच काहील ओढून पाक वाफ्यात ओततात. थोडं आधी उतरलं तर काकवी राहते, थोडं उशिरा उतरलं तर करपतं. मुलांनी त्याला एवढंच विचारायचं, "मामा, तुम्हाला कसं कळलं?" तो जे सांगेल ते जसंच्या तसं वहीत लिहायचं, शुद्धलेखन नंतर बघू.

साधारण १०० किलो उसातून दहा-बारा किलो गूळ निघतो. एका ढेपेला किती ऊस लागला हे तिथेच तोंडी गणित.

सावधगिरी: काहिलीपासून किमान दहा-बारा फुटांवर चुन्याची रेघ मारून घ्या आणि एक मोठा माणूस फक्त त्या रेघेवर उभा ठेवा, तो दुसरं काही करणार नाही, फोटो पण नाही. उकळत्या गुळाचा थेंब कातडीला चिकटून बसतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. घाण्याजवळ मुलींच्या ओढण्या, वेण्या, गळ्यातले मफलर आधी तपासा. दहा मुलांमागे एक मोठा माणूस तरी हवाच.

आणि आता जे मला मनापासून सांगायचंय ते. ऊसपट्ट्यातल्या शाळांत या दिवसांत बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या ऊसतोड कामगारांची मुलं असतात. दिवाळीनंतर येतात, मार्च-एप्रिलपर्यंत राहतात, वर्गात मागच्या रांगेत गप्प बसतात कारण गावातली पोरं त्यांना परकं समजतात. उसाबद्दल या मुलांना जेवढं माहिती असतं तेवढं वर्गात कुणालाच नसतं, तुम्हाला आणि मला पण नाही. ऊस कुठून छाटायचा, वाढं (उसाचा हिरवा शेंडा) कशासाठी वेगळं ठेवायचं, मोळी कशी बांधायची, गाडी कधी भरायला येते. या पायरीच्या तासाला त्यांना पुढे बोलवा आणि वर्गाला शिकवू द्या. फक्त त्यांच्या कष्टाची कहाणी सांगायला लावू नका, "पहाटे किती वाजता उठता" वगैरे. माहिती विचारा, माहितगार म्हणून मान द्या. आणि तुमच्या भागात अशी मुलं फडावर असून शाळेत आलेलीच नसतील तर आधी जाऊन त्यांना शाळेत बसवा, संक्रांतीचा उपक्रम त्यानंतर. वयानुरूप वर्गात प्रवेश हा त्यांचा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दिलेला हक्क आहे, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

६. तिळगूळ शाळेतच करा, पण पाक नको

चिक्कीच्या गुळाचा पाक करून लाडू वळणं मुलांबरोबर करायचं नाही, चटके बसतात. बिनपाकाचे लाडू करा. प्रमाण: २ वाट्या तीळ, १ वाटी भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, दीड वाटी किसलेला साधा मऊ गूळ, वेलची असली तर थोडी. तीळ तुम्ही किंवा ताईंनी आधी भाजून गार करून आणायचे. खलबत्त्यात जाडसर कुटायचे, मग गूळ घालून परत थोडं कुटायचं, तिळाला तेल सुटतं आणि लाडू वळला जातो. तूप लागलंच तर चमचाभर. मुलं कुटतात, किसतात, वळतात, सगळं त्यांच्याच हाताने.

यात गणित घ्या: आपल्या पटाला एकेक लाडू करायचा तर प्रमाण किती पट? एका लाडवाचा खर्च किती आला? दुकानात तेवढाच लाडू कितीला मिळतो?

खड्डे इथे दोन. एक, कुणाला तीळ किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते पालकांना आठवडाभर आधी विचारा, आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही पण विचारायला हवा. अशा मुलासाठी खोबऱ्याचा लाडू करा, तोही पालकांना विचारून, आणि त्याची भांडी आणि हात दोन्ही वेगळे ठेवा. दोन, हात धुणं. नखं कापलेली, साबणाने हात धुतलेले, मगच परातीजवळ.

७. काळे कपडे आणि हलवा

संक्रांतीला काळं का घालतात याचं तोंडी उत्तर न देता करून दाखवा. एकसारख्या दोन बाटल्या, सारखं पाणी, एकीला काळं फडकं, एकीला पांढरं, दहा वाजता उन्हात ठेवा, दर अर्ध्या तासाने तापमान बघा. प्रयोगशाळेतला थर्मामीटर हवा, तापाचा चालत नाही, तो ३५ च्या खाली दाखवत नाही. मिळालाच नाही तर हात लावूनही फरक कळतो.

हलव्यासाठी गावातल्या एखाद्या आजींना बोलवा ज्यांना हलवा करता येतो, अशा आजी आता थोड्याच उरल्यात. शेगडीवर मंद आचेची परात, त्यात भाजलेली खसखस किंवा तीळ, वरून चमचा चमचा साखरेचा पाक, आणि हात सारखा फिरता. काटा यायला फार वेळ लागतो, म्हणून आजींनी अर्धवट झालेला घरून आणला तर बरं. मुलांना भिंगातून दाखवा, एकेका दाण्यावर चहूबाजूंनी साखरेचे टोकदार कोंब उभे राहिलेले दिसतात. दमट हवेत काटा नीट का येत नाही, हा प्रश्न आजींनाच विचारायला सांगा.

८. पतंग

पतंग बनवायचा, वर्तमानपत्राचा किंवा पतंगी कागदाचा, बांबूच्या दोन कामट्या, एक सरळ, एक कमानीसारखी वाकवलेली. कामट्या तासायचं काम मोठ्यांनी करायचं. चौकोनाचे कर्ण, काटकोन, सममिती सगळं यात येतं. ज्याचा पतंग एका बाजूला गोते खातो त्याला कारण शोधू द्या, शेपूट लावून बघू द्या. आपल्या राज्यात पतंगाचं गाव म्हणजे येवला, तिथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग चालतो आणि फिरकीला आसारी म्हणतात. त्याबरोबर नकाशावर गुजरातचं उत्तरायण, तमिळनाडूचं पोंगल, पंजाबची लोहडी, आसामचा माघ बिहू दाखवून घ्या, पाच-दहा मिनिटं पुरतात.

नायलॉन मांजाबद्दल मात्र घाई करू नका, एक अख्खा तास द्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो. दरवर्षी गळे कापतात, दुचाकीवरची माणसं जातात, पक्षी पंख कापून झाडावर लटकतात. मुलांना घाबरवण्यासाठी रक्ताचे फोटो दाखवू नका. साधा दोरा आणि नायलॉन दोरा दोन्ही ओढून, दोन्ही ओल्या मातीत पुरून ठेवा, महिन्याने उकरा, काय राहिलं ते मुलांनी बघायचं. विजेच्या तारांजवळ पतंग उडवायचा नाही, अडकलेला काढायचा नाही, आणि पक्षी घरट्यातून बाहेर पडतात आणि परततात त्या सकाळ-संध्याकाळच्या वेळेत उडवायचा नाही, हे तीन नियम मुलांकडूनच लिहून घ्या.

९. आयांना बोलवायचं असेल तर

बऱ्याच शाळांत संक्रांत ते रथसप्तमी या काळात माता पालक मेळावा आणि हळदीकुंकू एकत्र घेतात. आया शाळेत येतात ही फार मोठी गोष्ट आहे, ती करा. पण तुमच्या वर्गात वडील नसलेली मुलं असतात. हळदीकुंकवाचं निमंत्रण गेलं की त्या मुलांच्या आया येत नाहीत, किंवा येतात आणि दारात मागे उभ्या राहतात, आणि मूल ते बघत असतं. शाळेच्या दारात असं होता कामा नये. निमंत्रणात हळदीकुंकू शब्दच घालू नका, "तिळगूळ मेळावा" लिहा, सगळ्या आयांना, आज्यांना, सांभाळणाऱ्या मावशी-आत्यांना बोलवा, तिळगूळ आणि वाण सगळ्यांना सारखं द्या. वाण म्हणून भाजीच्या बियांची पुडी किंवा मुलांनी केलेलं भेटकार्ड पुरतं.

गावातून कुणी "हे आपल्यात चालत नाही" म्हणालं तर शांतपणे सांगा की कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारने परिपत्रक काढून तो कित्ता बाकीच्या ग्रामपंचायतींनी गिरवावा असं सांगितलं. सरपंच आणि समितीच्या अध्यक्षांशी आधी बोलून घ्या, ऐन कार्यक्रमात वाद नको. आणि ज्या ताईंना तुम्ही पहिल्यांदाच बोलवताय त्यांना स्टेजवर ओढून सत्कार वगैरे करू नका, शेजारणीबरोबर सतरंजीवर निवांत बसता आलं पाहिजे, बस.

१०. सामान आणि कागदपत्रं

कागदपत्रं: मुख्याध्यापकांची परवानगी, समितीच्या बैठकीत नोंद, पालक संमतीपत्रं, ॲलर्जीची यादी, गुऱ्हाळ मालकाचा नंबर, मुलांची गटवार यादी (दोन प्रती, एक शाळेत ठेवून जायची).

सामान: सव्वा मीटरची काठी (पाव मीटर जमिनीत जाते), मीटर टेप, दोरा आणि दगड, मोठा चार्टपेपर, सूर्योदय-सूर्यास्त छापलेलं कॅलेंडर, थर्मामीटर, दोन बाटल्या, काळं-पांढरं फडकं, भिंग, खलबत्ता, किसणी, परात, साबण, चुना, प्रथमोपचार पेटी आणि त्यात भाजल्यावर लावायचं मलम आहे का ते उघडून बघा. भाजलं तर आधी भरपूर गार पाणी ओतायचं, मलम नंतर, टूथपेस्ट नाही.

सगळं झाल्यावर काठी उपटू नका. पुरलेला मांजा फेब्रुवारीत उकरायचाच आहे, तेवढ्यात सावली पण मोजून घ्या, आणि मोजत मोजत २१ मार्चपर्यंत गेलात तर दिवस-रात्र समान होण्याचा धडा भूगोलाच्या पुस्तकात यायच्या आधीच तुमच्या पटांगणात झालेला असेल. भिंतीवरचा कागद गुंडाळून कपाटात ठेवा, पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्यावरच दुसऱ्या रंगाने लिहायचं.